धुईतली ओ

आमच्याकडे धुक्याला धुई म्हणतात. दिल्लीत तिचं नाव कोहरा. डिसेंबर लागला की तिथल्या बातम्यांत तिचा थाट मंत्र्यासारखा असतो. तिच्यासाठी विमानं थांबतात, गाड्या थांबतात, शाळा उशिरा भरतात. मी तिथे एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. नाताळाची सुट्टी लागली की बरोबरच्या शिक्षिका पहाडात बर्फ बघायला पळतात आणि मी उलट्या दिशेला, वर्ध्याजवळच्या केळझरच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावाला, आईकडे. तिला आम्ही माय म्हणतो. धुई आमच्या गावातही पडते, पण दिल्लीसारखी महिनाभर मुक्काम ठोकून बसत नाही. चार-दोन पहाटा येते आणि जाते.

दादा धुईत गेला. माझा मोठा भाऊ. पुण्याला नोकरीत होता आणि सुट्टीत घरी येत होता. पहाटेच्या एसटीनं फाट्यावर उतरला आणि डांबरी सडक सोडून पांधणीनं, म्हणजे शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटेनं, घराकडे निघाला. वाट त्याच्या पायाखालची होती. पण त्या दिवशी हाताला हात दिसत नव्हता, आणि पांधणीच्या कडेला एक जुनी विहीर होती, कठडा नसलेली. दुपारी धुई उठली तेव्हा लोकांना आधी त्याची बॅग दिसली.

माय त्या पहाटे जागी होती. तिला हाक ऐकू आली होती. "माय!" अशी, एकच. ती अंथरुणात उठून बसली आणि पुढच्या हाकेची वाट बघत राहिली.

ती का थांबली हे बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं की तो माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतो. आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव नदीत सोडले, आणि देवांच्या मागोमाग भुतंही गेली असं बाबा मोठ्या अभिमानानं सांगायचे. बाबा जाईपर्यंत आमच्या घरात ना अंगारा आला, ना लिंबू-मिरची. पण एक गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नाही आणि ती तशीच घरात राहून गेली. अंधारात बाहेरून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल. जे माणूस नाही ते एकदाच मारतं. हे आम्हाला कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं, दात घासायला शिकलो तसंच हेही शिकलो. शेजारची काकू पहाटे विरजण मागायला आली तरी दारातून तीनदा ओरडायची, आणि तिसऱ्या हाकेला माय आतून म्हणायची, "आली वं, आली."

दादालाही हे ठाऊक होतं. त्यानं तीन हाका नक्की मारल्या असत्या.

तेव्हापासून मायनं एक सवय लावून घेतली. धुई पडली की ती उजाडायच्या आधी उठते, अंगणात जाते, पांधणीकडे तोंड करून उभी राहते आणि ओ देते. कुणी हाक मारलेली नसते. थोडा वेळ थांबते, पुन्हा ओ देते. ऊन निघेपर्यंत हे चालतं. सुरुवातीला गावातली पोरं घाबरली, मग मोठी माणसं कुजबुजली, मग सगळ्यांना सवय झाली. दूधवाला तर म्हणतो, "मावशी, तुमची ओ हाय म्हून मले वळन सापडते." हे ऐकून माय हसते. मला मात्र ते ऐकवत नाही.

मला ती ओ सहनच होत नव्हती. न मारलेल्या हाकेला आपली आई उत्तर देते आहे, हे पांघरुणात पडून ऐकून बघा म्हणजे कळेल. म्हणून मी तिला समजावायला लागले. "माय, इहीर कुठं, घर कुठं. मधात एवढी वावरं. धुईत आवाज मरून जाते. तुले हाक ऐकू येनं शक्यच नाई. तू झोपेत होती, भास झाला तुले." ती शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, "हो वं. भासच असन." दर सुट्टीत मी हे सांगायचे, दर सुट्टीत ती हो म्हणायची, आणि मला बरं वाटायचं. वर्गात मी मुलांना पडताळल्याशिवाय एक ओळ लिहू देत नाही. हे विधान मात्र मी तसंच ठोकून दिलं होतं. विहिरीपाशी उभं राहून पडताळायची माझी हिंमतच नव्हती.

यंदा दिवाळीत तिच्या छातीत कफ साचला आणि तिला वर्ध्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. सोडताना डॉक्टरांनी बजावलं की पहाटेच्या थंडीत बाहेर पडायचं नाही, पुन्हा असं झालं तर छाती साथ देणार नाही. तिनं "हो" म्हटलं. तिचं हो मला आता चांगलं ओळखू येतं. मी मनाशी ठरवलं, नाताळात जायचं, दिवसाउजेडी पोचायचं म्हणजे ती माझ्यासाठी बाहेर उभी राहणार नाही, आणि परत येताना तिला दिल्लीला घेऊनच यायचं.

गाडीनं त्यावर पाणी फिरवलं. सुटलीच उशिरा, आणि मग ग्वाल्हेरच्या आधी कुठल्याशा सिग्नलला अशी उभी राहिली की डब्यातल्या लोकांनी पत्त्यांचे डाव संपवले, डबे उघडून सगळं खाऊन घेतलं आणि शेवटी एकमेकांच्या पोरींची लग्नं जुळवायला घेतली. खिडकीबाहेर नुसता कापूस. मी सारखी घड्याळ बघत होते आणि मनातल्या मनात आख्ख्या रेल्वेखात्याचा उद्धार करत होते. मायला फोन केला.

"कुठं हायस?"

"रस्त्यातच. गाडी लेट हाय."

"धुई हाय का तिकडं?"

"नाई वं," मी म्हटलं. "इंजिन बिघडलं."

"टीव्हीवर तं दाखवून राह्यले. आयक. इकडंबी पडून राह्यली कालपासून. नागपूरलेच थांबजो. ऊन निघाल्याबिगर फाट्यावर उतरू नको."

"तू बाहेर निघू नको."

"नाई निघत. झोप तू."

दोघीही खोटं बोलत होतो आणि दोघींनाही ते कळत होतं.

आदल्या दुपारी नागपूरला पोचायची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे पोचली. तिचं ऐकून स्टँडवर थांबायला हवं होतं. चहाचा ग्लास हातात घेऊन मी थांबलेही थोडा वेळ. पण डोळ्यांसमोर ती अंगणात दिसायची, शाल गुंडाळलेली, खोकणारी. जितका वेळ मी इथे सुरक्षित बसणार, तितका वेळ ती तिथे उभी राहणार. वर्ध्याची पहिली एसटी लागली आणि मी चढले.

फाट्यावर कंडक्टरनं दार उघडलं, बाहेर बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. "मॅडम, इथं तं काईच दिसून नाई राह्यलं. उतरता का खरंच?"

"माझं गाव आहे," मी जरा तोऱ्यातच म्हटलं आणि उतरले. एसटीचे लाल दिवे दोन पावलांत विरघळले.

मी ठरवलं होतं की पांधणीकडे फिरकायचंसुद्धा नाही, डांबर सोडायचं नाही. मोबाइलची बॅटरी लावली तर समोर पांढरी भिंत उभी राहिली, म्हणून बंद केली आणि बुटांना लागणाऱ्या डांबरावर भरवसा ठेवून चालत राहिले. कधीतरी पायाखालचं डांबर संपलं. मला वाटलं, पाइपलाइनसाठी रस्ता खोदला असेल. गावाकडे ते बारमाही चालू असतं. मग एक पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. तोल सावरायला हात पुढे केला तर तो गार सिमेंटला लागला. कमरेएवढा, गोल वळत गेलेला कठडा. दादा गेल्यावर ग्रामपंचायतीनं बांधलेला.

मी हात काढला नाही.

तेवढ्यात ओ आली.

अगदी स्वच्छ. अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला येते तशी. मी चुपचाप उभी राहिले, कारण पहिल्या हाकेला तोंड उघडायचं नाही हे माझ्याही हाडात आहे. मी, भौतिकशास्त्राची शिक्षिका, तोंड मिटून दुसऱ्या आवाजाची वाट बघत होते. माय त्या पहाटे अंथरुणात कशी बसून राहिली असेल ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यात विचार नसतोच. तोंड आपोआप मिटतं.

मग तिचा खोकला ऐकू आला. मग बादलीची कडी खाली पडल्याचा आवाज, आणि पुन्हा ओ. थंड, थिजलेल्या हवेत सगळं इथवर येत होतं. आणि जे तिथून इथे येतं, ते इथून तिथेही जातं.

तिला भास झाला नव्हता. ती झोपेत नव्हती. दादानं इथे कुठेतरी उभं राहून, वाट चुकल्यावर, घर कोणत्या बाजूला आहे ते कळावं म्हणून हाक मारली होती आणि ती तिला पोचली होती.

माझ्या घशापर्यंत हाक आली होती. "माय" एवढं म्हटलं असतं तरी तिनं त्याच क्षणी उत्तर दिलं असतं आणि आवाजाचा धागा धरून मी सरळ घरी पोचले असते. पण मग तिलाही कळलं असतं, या बाजूनं, या विहिरीपासून हाक येते. इतकी वर्षं मी तिच्या हातात दिलेली एकच गोष्ट, तो भासच होता ही समजूत, मी स्वतःच मोडली असती. मी तोंडावर हात दाबला आणि तिच्या ओच्या दिशेनं चालायला लागले. ती ओ द्यायची आणि मी गप्प राहायचे. ती खोकायची, पुन्हा ओ द्यायची, मी पुन्हा गप्प. मला दादाचा राग आला, सडक सोडून आल्याबद्दल. मला स्वतःचा त्याहून जास्त राग आला. आई आपल्यासाठी ओरडते आहे आणि आपण तिला उत्तर देत नाही, याहून वाईट वाट मी आयुष्यात चालले नाही.

फाटकाशी आल्यावरच मी म्हटलं, "माय."

ती दचकली. डोक्यावरून शाल, हातात काहीच नाही, ओठ निळसर. तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि मगच ती चिडली. "हाक काऊन नाई मारली वं? मुक्यावानी आली!"

"सडकेनं आली. कायले मारू?"

"माहा आवाज आला का तुले?"

"आला न. इथं फाटकापाशी आल्यावर आला."

ती म्हणाली, "बरं. चाल, अंदर चाल."

तिनं चूल पेटवली, पाणी तापवलं, मला चहा दिला. मी नको म्हणत असताना माझे बूट उचलून न्हाणीतल्या दगडावर धुवायला घेतले. ब्रशचा आवाज येत होता, तो मधेच थांबला. मग ती अर्धवट धुतलेला, चिखलाचा एक बूट हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"सडकेनं आली म्हने."

"हो."

"सडकेले गारा नाई, बाई. एवढा गारा एकाच जागी हाय. राती पंपाले लाइन राह्यते, गव्हाले पानी सोडून राह्यले इहिरीवरून."

मी चहा खाली ठेवला.

"येते न आवाज तिथून?" तिनं विचारलं. अगदी साध्या आवाजात, बाजारात भाव विचारावा तसं.

माझ्याकडे शेवटची एक संधी होती आणि मला ती घ्यायची होती. पण मला रडू फुटलं होतं. "येते," मी म्हटलं.

"मले मालूम होतं. त्याच दिवशी मालूम होतं."

"मंग मी एवढी सांगत होती तं हो काऊन म्हनत होती?"

तिनं बूट उलटा करून त्यातलं पाणी निथळू दिलं. "तू लय जिवानं सांगे वं. तुले तसंच पाह्यजे होतं. म्हून मी हो म्हनो." एवढं बोलून ती दुसरा बूट धुवायला गेली.

दिल्लीला चल, हे मी त्या दिवशी तिला विचारलंच नाही. तिकीट काढलेलं होतं, ते पर्समध्येच राहिलं.

दुसऱ्या पहाटे पुन्हा धुई होती. माय उठायला लागली तशी मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिला पांघरुणात परत लोटलं, तिची शाल डोक्यावरून घेतली आणि अंगणात जाऊन पांधणीकडे तोंड करून उभी राहिले. बराच वेळ तोंडच उघडेना. शेवटी ओ दिली, वर्गात हजेरीला देतात तशी, अर्धवट.

आतून, अंथरुणातून मायचा आवाज आला. "जोरानं दे वं. तिथवर गेली पाह्यजे."

मी जोरानं दिली.