अंडं दिसलं की गवत बंद

भाऊजी गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या तोंडाला अर्धी दाढी चिकटवलेली होती. हसलात तरी चालेल. ते स्वतः असते तर पोट धरून हसले असते. नाकाडोंगरीला माझं कापडाचं दुकान आहे आणि दिवाळी झाली की दुकानामागच्या गोदामात आमच्या नाटकाच्या तालमी सुरू होतात. वीस वर्षं मी खलनायकच करतो, चेहराच तसा आहे. त्या दुपारी डिंक अजून ओला होता, आणि तुमसरहून आलेल्या एसटीचा ड्रायव्हर गोदामाच्या दारात येऊन उभा राहिला. "शेठ, भंडाऱ्याच्या दवाखान्यातून निरोप आहे. तुमच्या ताईचे मालक गेले." दोनच दिवसांपूर्वी मी त्यांच्या खाटेजवळ बसून आलो होतो. त्यांच्याशी एक खोटं बोलून आलो होतो… ते खोटं दाढीसारखं ओढून काढता येईना, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

माझे भाऊजी, वामनराव, जवाहरनगरच्या कारखान्यात फिटर होते. केसाच्या जाडीएवढा फरक हाताला कळणारा माणूस. घरातही तसेच. ताईने पोळी लाटली की ते ती उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "एका बाजूनं जाड हाय." ताई म्हणायची, "मंग तुमच्या मशीनवर लाटून आना." दोन्ही मुली लग्न होऊन दूर गेल्या. भाऊजी कारखान्याच्या बसने सकाळी जायचे आणि ताई क्वार्टरमध्ये दिवसभर एकटी. एकदा नागपूरहून येताना ते पिंजरा घेऊन आले. आत फिंच पक्ष्यांची जोडी. चिमणीच्या अर्ध्याएवढे जीव, चोची लालभडक, नराच्या गालांवर नारिंगी टिकल्या. त्याचा आवाज म्हणजे जत्रेतल्या पिपाणीला सर्दी झालेली. ताई म्हणाली, "बाहेर फुकटच्या चिमण्या हायेत नं, विकतच्या काहून आनल्या?" भाऊजी म्हणाले, "ह्या घरात पिल्लं काढतीन. तुले करमन." त्या दिवसापासून भाऊजींना दुसरा ध्यास उरला नाही. एकदा तरी त्या पिंजऱ्यात पिल्लाचा आवाज ऐकायचा!

आधी घर पाहिजे. पहिलं घर मडक्याचं. कुंभाराकडून मुठीएवढं मडकं आणलं, त्याला बाजूने भोक पाडलं, भोकाचं माप दोन बोटं. आपला भंडाऱ्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात ते मडकं असं तापलं की आतलं अंडं उकडूनच निघालं. मग नारळाची करवंटी आली. तीत मादी बसली की शेपटी बाहेर आणि जागेवरून भांडण आत. मग लाकडाची पेटी, सगळ्या कडा काचकागदाने गुळगुळीत केलेल्या. मी म्हणालो, "भाऊजी, हिच्यात तर मीच राहायला येतो." पक्षी मात्र तिच्यात शिरले नाहीत, टपावर बसून आतल्या गुळगुळीतपणाकडे संशयाने पाहत राहिले. शेवटी एका बुरुडाने बांबूच्या बारीक कामट्यांची गोल टोपली विणून दिली, लिंबाएवढं तोंड ठेवलेली. हवा आरपार जाणारी. ती पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात, भिंतीकडच्या बाजूला बांधली आणि तासाभरात नर आत जाऊन पिपाणी वाजवू लागला. भाऊजींचा चेहरा असा झाला होता की जणू त्यांना स्वतःलाच क्वार्टर मिळालं.

घराआतला बिछाना हे दुसरं प्रकरण. धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, टाकून पाहिली, ती टोचरी. काथ्या टाकला, तो राठ. कापूस दिला, त्याचा गोळा होऊन नखांना चिकटला. अशा वेळी मदतीला धावून जायची मला खोड. माझ्या खलनायकाची तागाची दाढी होती, मऊ, काळीभोर, पाच नाटकांत गाजलेली. ती मी भाऊजी कामावर असताना गुपचूप पिंजऱ्यात सोडली. नर तर वेडाच झाला! तोंडात दाढी घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे. संध्याकाळी भाऊजी आले तर मादी टोपलीच्या तोंडाशी उलटी लोंबकळत होती. एक लांब धागा पायाला गुंडाळला होता. जेवढी फडफडली तेवढा तो आवळत गेला. भाऊजींनी तिला ओंजळीत घेतलं, चष्मा कपाळावर ढकलून सुईच्या टोकाने एकेक वेढा सोडवला. तिचं एक बोट गेलं. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं… त्यानंतर मात्र त्यांनी नियम केला. तळ्याकाठचं मऊ गवत सावलीत वाळवायचं आणि चार बोटांपेक्षा लांब काडी आत जाऊ द्यायची नाही. म्हणजे गुंडाळायला ती पुरणारच नाही.

आता सगळं जमलं होतं. घर नीट, गवत नीट, आणि मादीने अंडी घातली, पांढरी, शेंगदाण्याएवढी. तरीही पिल्लं काही निघेनात. आठवड्याने टोपलीत पाहावं तर अंडी गायब. मुंग्या नाहीत, पाल नाही. शेवटी भाऊजींनी टोपली उतरवून बोटाने उकरली. वर गवताचा थर, त्याखाली अंडी, थंडगार. त्याखाली पुन्हा गवत, आणि पुन्हा अंडी. नर गवत आणत होता, अंड्यांवर अंथरत होता, मादी बिचारी त्याच्यावर नवीन अंडी घालत होती. नागपूरच्या पक्षीवाल्या म्हाताऱ्याला विचारलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे साहब, अंडा दिखा तो घास बंद! जब तक घास मिलेगी, वो बनाता ही रहेगा."

एवढं साधं होतं. आणि केसाच्या जाडीचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्या भाऊजींना एवढंच जमलं नाही. गवत बंद केलं की नर सकाळी तारेशी येऊन उभा राहायचा, भाऊजी जिथून काडी आत सरकवायचे बरोबर तिथे. मान वाकडी करायचा, रिकामी चोच उघडायचा. तो दिवसभर पिंजऱ्यात सैरभैर फिरायचा, स्वतःचंच गळलेलं पीस उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. दोन दिवस भाऊजी तोंड फिरवून चहा प्यायचे. तिसऱ्या दिवशी काडी आत. एक, मग दुसरी. मी चिडायचो. "भाऊजी, तुम्हीच तुमची नातवंडं पुरून राहिले!" ते खाली मान घालून म्हणायचे, "एकच तं देल्ली बे, नाटक्या."

निवृत्त होऊन ते आपल्या गावी, दिघोरीला परतले तेव्हा वाटलं, आता तरी सुधारतील. झालं उलटंच. पहिल्या महिन्यात मी भेटायला गेलो तर सकाळी सहाला हा माणूस आंघोळ करून, बूट घालून ओसरीवर बसलेला. बस येणार नव्हती. ताई आतून खुणेने म्हणाली, बोलू नको काही. त्या दिवशी मी पुन्हा गवताचा विषय काढला. त्यांनी पिंजऱ्यातल्या नराकडे बोट केलं. मग म्हणाले, "मादीले अंडी हायेत. ह्याले काय हाय? गवत आननं हेच त्याचं काम. ते बी काढून घेऊ म्हनतोस? हाताले काम नसलं म्हनजे कसं वाटते, तुले नाई समजाचं." त्या जोडीमागून दुसरी आली, दुसरीमागून तिसरी. एक पिल्लू नाही. गावातले लोक ओसरीवर येऊन विचारायचे, "वामनराव, झालं का बारसं?" आणि भाऊजी काडी मोजता मोजता म्हणायचे, "होईन ना. घाई काय हाय?"

घाई होती. यंदा दिवाळी सरली आणि पोटाच्या दुखण्याने त्यांना भंडाऱ्याला दवाखान्यात न्यावं लागलं. चौथ्या दिवशी ताईच्या साड्या आणि एक गोधडी आणायला मी दिघोरीला गेलो. निघताना त्यांनी हात धरला होता. "टोपलीत पाहून येजो." पाहिलं. चार अंडी होती. शेजारच्या सरूबाईला दाणापाण्याचं पुन्हा बजावलं, पिशवी भरली आणि बस चुकू नये म्हणून धावलो. परत आल्यावर त्यांना सांगितलं, "चार आहेत, भाऊजी." त्यांच्या सुकलेल्या तोंडावर काहीतरी हललं. "नराले गवत टाकलं का?"

"टाकलं."

"सरूबाईले सांगतलं? रोज टाकाले?"

"सांगितलं."

एकही काडी टाकली नव्हती. सरूबाईला शब्दाने सांगितलं नव्हतं. मुद्दाम नाही हो. मुद्दाम केलं असतं तर आज ताठ मानेने लिहिलं असतं की पाहा, मी नियम पाळला. मी फक्त विसरलो होतो. दोन दिवसांनी ते गेले.

तेरवीच्या दिवशी मांडव लोकांनी भरला होता. पंगती उठत होत्या, मी वाढत होतो. हातात भाताचं पातेलं घेऊन ओसरीवरून जाताना आवाज आला. फार बारीक, काडेपेटीत काड्या हलाव्यात तसा. मला वाटलं कान वाजतात. मी पातेलं खाली ठेवलं आणि टोपलीच्या तोंडाशी कान नेला. मादी भुर्रकन बाहेर आली. आत, तळाशी, गुलाबी, डोळे मिटलेले जीव. तीन तरी होते. सरूबाई मागून म्हणाली, "दानापानी तं मी रोज टाकलं, भाऊ. गवताचं कोनी बोललंच नाई मले."

मी ताईला बोलावून आणलं. तिने वाकून पाहिलं. आधी हसली, अगदी मोकळं, तेरवीच्या मांडवात लोकांनी वळून पाहावं इतकं. मग तिचा हात तारेवर घट्ट आवळला गेला. "म्हनजे ते घरी असते तं हे झालं नसतं?"

मी तिला सगळं सांगून टाकलं. खाटेजवळचे ते दोन शब्द, टाकलं आणि सांगितलं, दोन्ही खोटे. तिला राग येईल, याची मी वाट पाहिली. तिने विचारलं ते एवढंच, "त्यायले खरं वाटलं होतं का?" मी म्हणालो, हो. "मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि पंगतीकडे गेली. ठीक आहे म्हणजे काय ठीक आहे, हे मला तेव्हा समजलं नाही, अजूनही समजत नाही. दहा वर्षं एका माणसाने ज्याची वाट पाहिली ते त्याच्या हाताची सवय मोडली म्हणून झालं. हे कोणाला सांगायचं? त्यांना सांगितलं असतं तर ते आनंदले असते की लाजले असते?

गेल्या आठवड्यात पुन्हा दिघोरीला गेलो होतो. पिल्लं आता पंखांची झाली आहेत, चोची अजून काळ्या, बापाकडे तोंड वासून दिवसभर कटकट करतात. ओसरीच्या कोनाड्यात एक जुनी साबणपेटी आहे. तिच्यात भाऊजींनी दवाखान्यात जायच्या सकाळी कापून ठेवलेलं गवत आहे, सगळ्या काड्या एकसारख्या, चार बोटं. ताई ते देत नाही आणि फेकतही नाही. रोज सकाळी नर तारेशी येतो, मान वाकडी करून उभा राहतो, आणि ताई त्याच्यासमोर चहाचा कप घेऊन बसते. मला राहवलं नाही. मी पेटीतून एक काडी उचलली.

"ठेव," ताई म्हणाली.

ठेवली.