कॉम्प्रेसरचं उपरणं

सदर इसम नामे केशव बद्रीनाथ काळवणे, राहणार मुकुंदवाडी, हुद्दा युटिलिटी विभागप्रमुख, यांनी कंपनीच्या सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरची हवावहन कार्यक्षमता स्वकौशल्याने वाढविल्याबद्दल शाल व श्रीफळ देऊन त्यांचा गौरव करण्यात येत आहे.

मानपत्र वाचून झालं आणि शाल पाहूनच केशवला ते उपरणं आठवलं.

खंडेनवमीला कॉम्प्रेसर बंद ठेवून त्यानंच पूजा केली होती. हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला. वर, पैठणच्या सासऱ्यांनी दिलेलं कोरं उपरणं त्यानं यंत्राच्या खांद्यावर घालायला घेतलं. पण यंत्राला खांदा नसतो. म्हणून हवा आत घेणाऱ्या पेटीच्या छपरीवर पांघरलं. दसऱ्यानंतर मशीन सुरू झालं आणि उपरणं दिसेना. कुणीतरी प्रसाद म्हणून नेलं असेल, देवाचंच आहे, असं म्हणून केशवनं विषय सोडला.

मग कारखान्यातल्या यंत्रांना कॉम्प्रेसरची हवा पुरेना. फिल्टर साफ, त्याचा काटा जागेवर, यंत्रात खोट नाही. उरला ऑपरेटर.

"साहेब, मशीनलाच दम लागलाय. म्या काय करू?" शिवराज म्हणाला.

"मशीनला नाय, तुला लागलाय. तुझ्यातच हवा ऱ्हायली नाय," केशव चारचौघांत म्हणाला. लोक हसले. शिवराजची रवानगी पॅकिंगला झाली.

नवा ऑपरेटर आला, हवा तेवढीच. शेवटी केशव स्वतः शिडी लावून पेटीवर चढला. छपरीच्या आत, जाळीला ओल्या पापडासारखं चिकटून उपरणं बसलं होतं. कुंकवाचा डाग जागच्या जागी. त्यानं ते शर्टाच्या आत कोंबलं. खाली हवेचा दाब सरसर चढला.

"केलं काय हो नेमकं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"हवेचा मार्ग मोकळा केला," केशव म्हणाला. वाक्य खरं होतं, हीच पंचाईत.

आता माइकसमोर त्याला मागच्या रांगेत शिवराज दिसला. सांगून टाकावं, आजच, असं ठरवूनच तो उभा राहिला होता. "खरं म्हणजे... चूक माझीच होती," तो म्हणाला आणि उपरण्यापाशी त्याची जीभ अडली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "लई नम्र माणूस," कुणीतरी म्हणालं.

चहाच्या टेबलापाशी शिवराज जवळ आला. शालीकडं बघत म्हणाला, "भारी हाय साहेब. जपा. मशीनजवळ नका नेऊ."

केशवच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यानं मान खाली घालून तो बशीतूनच प्यायला.

शिवराज अजून पॅकिंगलाच आहे.