रिकाम्या झोपाळ्याने सुरू होणारा सिनेमा

मित्रहो, आज दुपारी हिच्यासोबत घरी सिनेमा लावला. उद्या हिच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हटलं जरा मन रमेल.

पहिल्याच दृश्यात रिकामा झोपाळा हलत होता, त्यावर बाईचा चष्मा. म्हणजे कोण जाणार, ते दिग्दर्शकाने सुरुवातीलाच सांगून टाकलं. मी रिमोट शोधू लागलो.

ही म्हणाली, "बसा हो. ब्याऐंशी-त्र्याऐंशीत मुलुंडला गणपतीत गल्लीत सिनेमाचा पडदा लागायचा. घरची आरती आटपून पोचेपर्यंत सुरुवात कायम चुकायची. काही अडलं का आपलं?"

"तेव्हा सुरुवात तू रचून सांगायचीस."

"मग आज शेवट तुम्ही रचा."

शाळेतल्या कविता मला अजून पाठ आहेत, पण रचायचं काम कायम तिचंच; रिमोट शोधणं सोडून मी तिच्या शेजारी बसलो. तुम्ही काय सांगितलं असतं?