पोट चिरताना कान बघणारे डॉक्टर

ही हकीकत मी आजवर टाळली. विचारणाऱ्यांना दुसरे किस्से सांगितले. मी हुशार दिसतो असे किस्से माझ्याजवळ पुष्कळ आहेत.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. नागपूरला शिकून मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान दवाखान्यात सर्जन म्हणून रुजू झालो. तिथले मोठे डॉक्टर शस्त्रक्रिया करताना चाकूकडे क्वचितच बघत. हात पोटात आणि डोळे रोग्याच्या कानाच्या पाळीवर, मग छातीवर, मग भुलीच्या ईथरच्या बाटलीवर. माझी नजर मात्र चाकूच्या टोकाला खिळलेली. यालाच मी कौशल्य समजत होतो. टपरीवर मी त्यांची नक्कल करायचो: मान वळवून बशीत चहा ओतायचा आणि मांडीवर सांडायचा. कंपाउंडर पोट धरून हसत.

एकदा मोठे डॉक्टर मागेच उभे होते. म्हणाले, "नक्कल करतं तं पुरी कर बे. माह्या हातून सांडत नाही."

पुढे दवाखान्याच्या तपासणीला जिल्ह्याचे साहेब आले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हाताऱ्याची नजर ठीक आहे ना?"

"कापताना ते हाताकडे बघत नाहीत, साहेब," मी म्हणालो. शब्द न् शब्द खरा. ऑपरेशन थिएटर मला मिळालं. मोठे डॉक्टर बाहेर, ताप-खोकल्याच्या रांगेपुढे बसले.

मग अमडापूरचा एक माळी हर्नियासाठी आला. मी चादर इतकी नीटनेटकी पसरली की त्याचे कानही झाकले. टोकाकडे बघत मी सुरेख चिरत होतो. भूल देणारा कंपाउंडरही कौतुकाने माझाच हात बघत होता. कुणाची तरी केस विचारायला मोठे डॉक्टर दारात आले आणि ओरडले, "अबे, रक्त काळं पडून राह्यलं! कान उघड त्याचा!"

श्वास अडकून पाळी निळी पडली होती. त्यांनीच धावत येऊन तोंडावरची ईथरची जाळी काढली, जबडा वर उचलला. माणूस वाचला. माळ्याने हार आणि वांग्यांचं पोतं आणलं, माझ्यासाठी. मी दोन्ही घेतलं. साहेबांना खरं सांगितलं असतं, तर मोठ्या डॉक्टरांना थिएटर परत मिळालं असतं. पण ते आता माझं होतं.

निवृत्तीनंतर ते शेगावला राहत. मी एकदा गेलो, वाक्य पाठ करून.

"आता कुठं पाह्यतं बे, चिरताना?" त्यांनी विचारलं.

"कानाकडे, सर."

"हाव? मंग तुही नक्कल कोन करते?"

मी हसलो, एक थेंब न सांडता चहा प्यालो आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. गाडीला पुष्कळ अवकाश होता. स्टेशनच्या बाकावर बसून मी म्हटलं, "सर, तुमची नजर योग्य जागीच होती. मला माफ करा." शेजारचा हमाल जरा सरकून बसला.