दोन काटे आणि कोशाची अंडी

गाडी थांबली की लोक खिडकीतूनच ओरडतात, "इतवारीभाऊ, एसीत गॅस भरून द्या!" जसा काही गॅस म्हणजे देवाचं तीर्थ. आणि आमचा माणूस, म्हणजे माहा नवरा, म्हणते, "थांबा, आधी मीटर लावू द्या." झालं! गिऱ्हाईक तोंड वाकडं करते आणि बोलणी मात्र मले ऐकावी लागतात, काऊन की त्याच्या दुकानाले लागूनच माही चहाची टपरी हाये. सिंदेवाहीत सगळे मले मनकर्णाबाई म्हणतात. तोंडाची फटकळ हाये, ते बी म्हणतात.

मीटर म्हणजे काही मोठं कोडं नाई. गॅसचा दाब दाखवणाऱ्या दोन तबकड्या, एक निळी, एक लाल. गाडी बंद असली की दोन्ही काटे सारखेच. एसी सुरू केला की निळा खाली उतरला पाहिजे, लाल वर चढला पाहिजे. गॅस कमी असला त दोन्ही पडतात, समोरची जाळी धुळीनं बुजली त दोन्ही चढतात. हे पाहिल्याबिगर आमचा माणूस गॅसच्या टाकीले हात लावत नाई. पलीकडचा भैयाजी न पाहता भरून देते, त त्याच्याकडे रांग. मी म्हणते, "अजी, तुमी बी भरा ना, लोक खुश होऊन जातात!" त म्हणते, "बुखार कायचा हाये ते न पाहता सुई टोचू काय?" आता अशा माणसापुढे कपाळ फोडावं का भिंत?

यंदा मिरग लागून गेला तरी ऊन हटत नव्हतं. भर दुपारी एक जुनी पांढरी गाडी आली. चालवणारा प्रणित, मागं त्याची बायको खुशबू, मांडीवर पुठ्ठ्याचा डबा धरून. डब्यात कोशाच्या किड्याची अंडी. आरमोरीकडून आणलेली, जंगलातल्या त्यायच्या गावी न्यायची होती. अंडी फुटली की किडे येनाच्या झाडावर सोडतात, ते कोसे विणतात, त्याचं रेशीम होते. घरादाराची आस त्या डब्यात. जास्त गरमी लागली की अंडी आतल्या आत मरतात. आणि गाडीचा एसी नुसता गरम वारा फेकून राह्यला होता.

"गॅस टाका जी लवकर," प्रणित म्हणला.

आमच्या माणसानं मीटर लावलं. गाडी सुरू, एसी सुरू. निळा जरासा उतरला, लाल जरासा चढला, आणि दोघं जवळजवळच थांबून राह्यले. त्यानं इंजिनाचा जोर वाढवून पाहिला. काटे काही हलेनात.

"गॅस हाये. कॉम्प्रेसर मेला," तो म्हणला. "आतून झिजला, गॅस ढकलूनच नाई राह्यला. गॅस टाकून काई होत नाई. नवीन नागपूरहून येईल, दोन दिवस लागतात."

दोन दिवस! खुशबूचं तोंड एवढंसं झालं. मी पोतं ओलं करून डब्याभोवती गुंडाळलं, बरफ देला, काचा उघड्या ठेवायले सांगितलं. आणखी करणार काय? गाडी गेली, आणि आमचा माणूस रस्त्याकडे पाहत बसला. जेवला बी नाई.

पुढच्या हप्त्यात खुशबूचा फोन आला. रडून राह्यली होती. अंडी फुटलीच नाई. कोशाच्या कामात लय सोवळं असते, किडे झाडावर असेपर्यंत माणसं मासोळी बी खात नाई, बाईले जवळ येऊ देत नाई. घरच्यायनं शोधून काढलं की त्या दिवशी तिले विटाळ होता, आणि डबा तिच्या मांडीवर होता. आता माहेरी पोचवून देतो म्हणतात, कायमची. "काकाजी, तुमी पाहिलं ना मीटर? तुमी येऊन सांगा ना."

आमचा माणूस कधी कोणाच्या घरच्या भांडणात पडला नाई. त्या दिवशी दुकान बंद केलं, मीटर पिशवीत टाकलं, मले गाडीवर बसवलं आणि निघाला.

प्रणितचा बाप लटारूभाऊ भला माणूस. चहा देला, खाट टाकली. पाच-सहा म्हातारे जमले. प्रणित खाली मान घालून उभा, नामर्द कुठला! आमच्या माणसानं त्याच पांढऱ्या गाडीले मीटर लावलं, सगळ्यायले जवळ बोलावून दाखवलं. "हे पाहा, दोन काटे. दूर जायले पाहिजेत, नाई जाऊन राह्यले. यंत्र मेलं, गाडी तापली, गरमीनं अंडी गेली. पोरीचा काई संबंध नाई."

लटारूभाऊनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "खरं हाये," तो म्हणला. "यंत्रच मेलं होतं."

माहा जीव भांड्यात पडला. दाराआडून खुशबू पाहत होती.

"पण इतवारीभाऊ," लटारूभाऊ शांतपणे म्हणला, "उन्हाळाभर गाडी थंड हवा देत होती ना? मंग ही बसली त्याच दिवशी यंत्र काऊन मेलं?"

म्हाताऱ्यायनं माना डोलावल्या. आमचा माणूस सांगत राह्यला की ते हळूहळू झिजते, एका दिवसात नाई मरत, उन्हाळ्यात बी कमजोरच असन, तुमाले समजलं नसन. कोणी ऐकून नाई राह्यलं होतं. मी भांडली, लय भांडली. "बाईच्या विटाळानं लोखंड मरते काय रे मुडद्यायनो?" त मलेच म्हणतात, बाई, तुमी पाव्हण्या, चहा घ्या.

खुशबूची पिशवी भरलेलीच होती. आम्ही तिले दोघांच्या मधात बसवून निघालो, मोठ्या रस्त्यावर एसटी मिळते तिथवर.

मंग ती आमच्या माणसाच्या पाठीशी वाकून हळूच म्हणली, "काकाजी, खरं सांगा. माह्यानं त नाई ना बिघडली गाडी?"

"नाई वं माय," तो म्हणला.

थोडं पुढं गेल्यावर तिनं आणखी एकदा विचारलं.