रांजण मोठा आहे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझी शुगर, माझं घोरणं, साहेबांनी भर ऑफिसात केलेला माझा पाणउतारा, सगळं तिला ठाऊक आहे. हे तेवढं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझी गाडी पाहिलेली नाही. ज्यांनी ती पाहिलीय, तिच्या बॉनेटवरून हात फिरवून ‘वा’ म्हटलंय, त्यांना आता हे सांगणं माझ्याच्यानं होणार नाही.

सुरुवात गाडीपासूनच करतो. तीही एक पळवाटच आहे म्हणा. गाडीबद्दल मी तासभर बोलू शकतो आणि मूळ गोष्ट तशीच राहून जाते — आजवर तसंच तर करत आलोय.

खुलताबादला एका घराच्या मागच्या गोठ्यात ती उभी होती. विलायती, बसकी, लांब नाकाची, दोनच माणसांची, वर कापडी टप. कुणा हौशी माणसानं तरुणपणी आणली असणार. त्याच्या नातवंडांना तिचं काही सोयरसुतक नव्हतं. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. घेऊन जा, कडब्याला जागा होईल, असं मालक म्हणाला आणि भंगाराच्या भावात ती मला दिली. टेम्पोवर टाकून आणली, तेव्हा बायको गॅलरीतून बघत होती. खाली आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, कोंबड्या नाही आणल्या?

मी सरकारी कचेरीत कारकून. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी चाललेली, अक्षर सगळ्यांचं मोत्यासारखं. हातात पाना धरणारा मीच पहिला. पैसा बेताचा, म्हणून सगळं जुगाडावर. काचेचं रबर ट्रॅक्टरचं, सीट रिक्षाची गादी शिवणाऱ्याकडून, दाराचं हँडल भंगारबाजारात चार रविवार हिंडून मिळवलेलं. इंजिन एका ओळखीच्या मेकॅनिकनं सुट्टीच्या दिवशी येऊन चालू करून दिलं. ते पहिल्यांदा धडधडलं, त्या दिवशी मी लहान मुलासारखा रडलो. राहिला होता फक्त रंग. तो मी स्वतः करायचं ठरवलं — दुसरा इलाजच नव्हता.

रंग मला रशीदमिस्त्रींनी शिकवला. गाडीचे पत्रे नवे करण्यात त्यांची हयात गेलेली. पुट्टी भरायची, वाळली की पाणीपेपरनं घासायची, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचं. पाणीपेपर म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिशपेपर. घासताना वरून पाणी सोडत राहायचं, म्हणजे निघालेला भुगा वाहून जातो. निघताना मिस्त्री एवढंच म्हणाले, “साब, पानी की कंजूसी नक्को करो. पानी कम पड़ा तो लकीरां आते.”

पाण्याची कंजुषी करू नका. कुठल्या वर्षी सांगितलं त्यांनी हे! दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष होतं.

आमची बिल्डिंग बीड बायपासच्या पलीकडे. तेव्हा तिथं नव्या इमारती भराभर उठत होत्या, पण नळाची लाइन आलेली नव्हती. बोअर मार्चमध्येच आटले. चौथ्या दिवशी टँकर यायचा आणि जमिनीखालच्या हौदात रिकामा व्हायचा. रोज सकाळी सातला झाकण उघडायचं, घरटी दहा बादल्या मोजून द्यायच्या, पुन्हा कुलूप. किल्ली माझ्याकडे. मी सोसायटीचा चिटणीस होतो ना. हौदावर पाटी होती, ‘पाणी जपून वापरा. ते सर्वांचे आहे.’ अक्षर माझंच. येणारे-जाणारे त्या अक्षराचं कौतुक करायचे.

आता आजींबद्दल सांगायला हवं.

तळमजल्यावर प्रकाश नावाचा भाडेकरू होता, शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला. त्याची आई म्हणजे देवगाव रंगारीच्या गिरजाबाई. सगळे त्यांना देवगावच्या आजी म्हणायचे. गावाकडची विहीर आटली तेव्हा प्रकाश त्यांना इकडे घेऊन आला. येताना त्यांनी टेम्पोतून एकच मोठी वस्तू आणली — रांजण. तो गेटबाहेर लिंबाखाली मांडला, अर्धा मातीत पुरला, वर झाकणी, झाकणीवर पाणी काढायचा डावला. समोरच्या साइटवरची माणसं, भर उन्हात पायी जाणाऱ्या बाया, भंगारवाला, कुणीही यायचं आणि पाणी पिऊन जायचं. आजी सांगायच्या, त्यांच्या सासरी पाडव्याला रांजण भरतात आणि मृग लागला की पालथा घालतात. मधे एक दिवस रिता ठेवत नाहीत. सासूनं त्यांना दिलेला नेम, सासूला तिच्या सासूनं.

गाडी बिल्डिंगच्या आवारातल्या शेडमध्ये होती. तिथं घासकाम करताना मी घामाघूम झालो की आजी तांब्या घेऊन यायच्या. “घ्या भाऊ, गार हाय.” मी प्यायचो. रोज प्यायचो हो मी ते पाणी.

मी आधी आमच्याच वाट्यातून वाचवलेलं धुण्याचं पाणी वापरून पाहिलं. त्यात कचकच होती. उजव्या दारावर बोटभर लांबीचे चार चरे उमटले. मिस्त्रींच्या लकीरां! दोन महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत वाया चाललेली. त्या दुपारी बिल्डिंग झोपलेली होती आणि हौद शेडपासून दहा पावलांवर होता. किल्ली माझ्या खिशात होती.

पहिल्या दिवशी दोन बादल्या घेतल्या. मग चार. मग मोजणं सोडलं. पाणी दारावरून ओघळायचं, करडं होऊन शेडच्या मातीत जिरायचं, आणि खाली पत्रा असा गुळगुळीत लागायचा की हात काढवत नसे. लाज वाटत होती का? खरं सांगू — तेव्हा नव्हती वाटत. तेव्हा आनंद होत होता.

टँकरच्या आदल्या दिवशी हौदाचा तळ दिसू लागला. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा सकाळी निम्म्या घरांना सहाच बादल्या मिळाल्या आणि लोक भडकले. संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक बसली. कुणी म्हणालं टँकरवाला कमी टाकतो, कुणी म्हणालं हौदाला चीर गेलीय. मग वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, गावभर पाणी वाटत बसल्यावर दुसरं काय होणार? सगळ्यांनी गेटकडे पाहिलं.

खरं म्हणजे आजींनी हौदातला थेंबही जास्त घेतला नव्हता. घरटी दहा बादल्यांतल्याच त्या रांजणात ओतायच्या आणि घरात काटकसर करायच्या. हे मला पक्कं माहीत होतं. त्यांच्या न्हाणीचं पाणी माझ्या शेडमागच्या नालीतून जायचं, आणि त्या उन्हाळ्यात ती नाली दोन-दोन दिवस कोरडी असायची. म्हातारी ओल्या फडक्यानं अंग पुसून वाटसरूंना पाणी पाजत होती. बिल्डिंगमध्ये हे ठाऊक असलेला माणूस मी एकटा.

आजी भिंतीला टेकून उभ्या होत्या. भांडल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. “भाऊ, किल्ली तुमच्यापाशी हाय. तुमीच सांगा, म्या कवा जास्तीचं घेतलं का?”

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या नखांत तेव्हाही करडा प्रायमर होता. मी हात पाठीमागे घेतले आणि म्हणालो, “रांजण मोठा आहे, आजी.”

एवढंच. यात खोटं काय आहे, सांगा. रांजण मोठा होताच! नरो वा कुंजरो वा. कारकुनाची जात — पुढेमागे अंगावर येईल असं वाक्य कधी लिहायचं नाही, हे मी नोकरीत शिकलो होतो. ते इथं कामाला आलं. मी कुणावर आरोप केला नाही, आणि बैठक मात्र तिथंच संपली.

आजी गेटबाहेर गेल्या. रांजणात थोडं पाणी होतं, ते लिंबाच्या बुडाशी ओतलं. प्रकाशला हाक मारली आणि दोघांनी मिळून रांजण मातीतून उपसून पालथा घातला. चैत्र अजून सरला नव्हता, मृगाला दीड महिना होता. माझ्याजवळून जाताना त्या म्हणाल्या, “बहात्तरला बी पालथा नव्हता घातला, भाऊ.” आवाजात राग नव्हता. त्यांना मला सांगावंसं वाटलं म्हणून सांगितलं, एवढंच.

इथं थांबलो असतो तर भित्रा ठरलो असतो. भित्रेपणा माणसाच्या हातून होतो. पण मी थांबलो कुठं?

दुसऱ्या दिवसापासून चार दिवस मी पाणीपेपरला हात लावला नाही. मुद्दाम. मनाशी ठरवून. टँकर आला, आणि या वेळी हौद पुढच्या टँकरपर्यंत पुरला. वर दोन बोटं पाणी उरलं. लोक म्हणाले, बघा, म्हातारीच होती. मी मान हलवली. तोवर थोडी तरी शंका घेणारी माणसं होती, तीही संपली. त्या शंकेवर शेवटचा दगड मी स्वतःच्या हातानं ठेवला.

प्रकाशनं महिनाअखेरीला खोली बदलली, शेंद्र्याकडे. शिफ्ट जवळ पडते म्हणाला. सामान भरताना रांजण टेम्पोत मावेना. मी पुढं झालो — राहू द्या माझ्याकडे, मी जपतो. आजींनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्यावरून बोटं उतरवली आणि कानशिलावर मोडली. म्हणाल्या, “पाडव्याला भरत जा, भाऊ. माझ्या नावानं.” एवढा दुष्टावा केलेल्या माणसाची दृष्ट काढली त्यांनी. मी हो म्हणालो.

आता ऐका. तो रांजण मी शेडमध्ये ठेवला. पुन्हा काम सुरू केलं तेव्हा दुपारी सारख्या बादल्या नेताना कुणी बघेल अशी भीती होती. म्हणून टँकर आला की त्याच दुपारी एका दमात हौदातून रांजण भरून घ्यायचो. हौद भरलेला असताना तेवढी तूट कुणाच्या नजरेत येत नसे, आणि प्रकाशच्या घरच्या वाचलेल्या बादल्यांत ती भागूनही जायची. पेपरही त्यातच भिजत घालायचो. मातीच्या रांजणात पाणी गार राहतं. उन्हाच्या कडाक्यात त्यात हात घातला की बरं वाटायचं.

पावसाळा लागेस्तोवर रंग पूर्ण झाला. तांबडा, गडद. त्यात तोंड दिसतं. मी दाढी करताना घरच्या आरशात बघतो, तसं गाडीत मात्र कधी बघितलेलं नाही.

दोन-तीन वर्षांनी, पावसाळा सरल्यावर, प्रकाश आला, मुलीच्या बारशाचं आमंत्रण घेऊन. गाडीवरचं कापड मीच काढून दाखवलं — सवयच ती. त्यानं हात पुसून मगच बॉनेटला लावला. “आरसाच की, भाऊ. पाण्याच्या तंगीत कसं केलं हो तुमी?” मी म्हणालो, थोडं थोडं करत. चहा पिऊन निघताना त्याला आठवलं. “आईनं इचारायला सांगितलंय. रांजण भरता नव्हं पाडव्याला?”

शेडचं दार उघडं होतं. रांजण तिथून दिसत होता, तोंडावर जुनं पोतं टाकलेला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. समोर फक्त तो होता, बैठक नव्हती, कुणी भडकलेलं नव्हतं. शहरात पाऊसही चांगला झाला होता त्या वर्षी. काय गेलं असतं माझं?

“भरतो की,” मी म्हणालो. “सगळे पितात.”

हे वाक्य मोठं करून सांगायलाही मी कमी केलं नाही. साइटवरची माणसं येतात, शाळेची पोरं येतात, आजींचं नाव निघतं, सगळं सांगितलं. प्रकाशचा चेहरा उजळला. आईला लई बरं वाटंल म्हणाला. बरं वाटलंच असणार. पुढच्या पाडव्याला त्यानं फोन लावून त्यांना बोलायला दिला, तर त्यांनी पहिला प्रश्न केला, भरला का? मी गॅलरीत उभा राहून लिंबाखालच्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणालो, भरला, आजी, सकाळीच. त्यानंतर दर पाडव्याला फोन यायचा आणि दर पाडव्याला मी भरला म्हणायचो. चार पाडवे.

पाचव्या पाडव्याला फोन आला नाही. आजी माघातच गेल्या, हे मला नंतर कळलं.

कळलं त्या दिवशी मी रांजण शेडबाहेर काढला. आता आमच्याकडे नळ आलाय, पाण्याला तोटा नाही. काथ्या घेऊन घासला, राखेनं घासला, दोन दिवस भिजत ठेवला. मातीचं भांडं, जे मुरलं ते मुरलं. आतून कडेपर्यंत करडा आहे, आणि तळाशी हात घातला की पुट्टीचा भुगा अजून बोटांना लागतो. त्यातलं पाणी कुणाला प्यायला देण्यासारखं नाही.

गाडी शेडमध्ये आहे. तिच्या शेजारी मी तो पालथा घालून ठेवलाय.