दशरथ घाडींची बोटं

घाटकोपरला दशरथ घाडींचं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, पत्र्याखालची दोन टेबलं. पण एक काळ असा होता की कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचे मेकॅनिक फियाट टॅक्सीचं हेड खोललं की ते दशरथकडेच धाडत. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. त्यातले वॉल्व्ह गाइड नावाच्या नळीत वरखाली होतात. नळी झिजली की तेल खाली उतरतं आणि गाडी निळा धूर सोडते. किती झिजली, हे दशरथ वॉल्व्ह हलवून नुसत्या बोटांनी सांगत. त्यांचे उस्ताद रतन मिस्त्री डोळे मिटायला लावून हातात वॉल्व्ह देत, आणि उत्तर चुकलं की त्या दिवशीचा चहा बंद. दारात काळ्यापिवळ्या गाड्यांची रांग, टॅक्सीवाल्यांच्या टवाळक्या, आणि दशरथ काय म्हणतात याकडे सगळ्यांचे कान. ते दिवस आठवले की आजही त्यांचा जीव हळहळतो.

आता हौशी लोकांच्या जुन्या गाड्या येतात, त्याही महिन्याला एखादी. मार्चमध्ये बोरीवलीच्या नलिनी सबनीस बाईंची फियाट आली. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, गाडी त्यांच्या दिवंगत यजमानांची. सकाळी सुरू केली की निळा धूर, आणि सोसायटीवाले कावलेले. गाडी भंगारात द्यायची पाळी आली होती. दशरथनी आठही वॉल्व्ह हलवून पाहिले.

"गाइड ठणठणीत आहेत बाई. वरची रबरी सीलं कडक झालीत, तेवढी बदलतो."

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या. धूर तसाच होता.

"दशरथभाऊ, तुमचं काम चुकायचं नाही. माझंच काही चुकलं का, तेल वगैरे?"

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दशरथनी हेड पुन्हा खोललं. सीलं नवीकोरी. वॉल्व्ह थोडा उचलून बाजूला रेटला, काही कळेना.

"बाई, जरा तुम्ही बघता हलवून?"

बाईंनी दोन बोटांत वॉल्व्ह धरला. "अहो, हा तर चांगलाच डुगडुगतोय."

शेजारून डायल गेज, म्हणजे बारीक फट मोजायचं काट्याचं यंत्र, मागवला. काटा सरकायला हवा त्याच्या तिप्पट सरकला. साखरेच्या आजाराने पावलं बधिर झालीत, हे डॉक्टर कधीच बोलले होते. बोटांचंही तेच झालंय, हे दशरथनी स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. त्यांना बाईंसमोरच रडू आलं.

मग नवे गाइड बसवले, नळी आतून तासायचा रीमर फिरवला, दर वेळी गेज लावला. अगदी घट्टही चालत नाही, तापल्यावर वॉल्व्ह अडकतो. किंचित जागा ठेवावीच लागते. सकाळी थंड गाडी सुरू केली. मागे उभ्या असलेल्या बाईंनी धूर नाही म्हणून हात हलवला, आणि त्या हसत गाडी घेऊन गेल्या.

दशरथनी लगेच कुर्ल्याच्या राजेश मेकॅनिकला फोन लावला.

"राजेश, दोन वर्षांत मी पास केलेली हेडं कुठल्या गाड्यांना लागली, आठवतंय?"

"हो काका. दहाबारा असतील. का?"

"सगळ्या मालकांना बोलाव. परत गेजवर बघायचीत."

"काय काका, एकाची पण कंप्लेंट नाय."

"कशी असेल रे? माझं नाव सांगून दिलीस ना तू?"

राजेश म्हणाला, "हो."

"मग आता सांग, दशरथची बोटं गेली. मीच सांगितलं म्हणून सांग."